‘नीचे’ला मराठीत काय म्हणतात?

या सदरातले अनुभव मी न चुकता वाचतो आणि वाचून झाले की बायकोला त्यातल्या खोडी काढून दाखवतो. कुणाला गच्चीवर बाई दिसते, तर मी विचारतो, चष्म्याचा नंबर किती होता? कुणाला पावलांचे आवाज येतात, तर मी विचारतो, वरच्या मजल्यावर भाडेकरू कोण? खरं सांगायचं तर इथे लिहिणारे निम्मे लोक मला थापाडे वाटत आले आहेत. आज मीच लिहायला बसलोय, तेव्हा मला थापाडा म्हणायला तुम्ही मोकळे आहात... फक्त आधी सगळं वाचा.

मी भोपाळचा. माझे वडील नागपूरहून सरकारी ऑफिसबरोबर इथे आले, आणि मी इथेच जन्मलो, इथेच नोकरी केली. तेहतीस वर्षं नापतौल खात्यात, म्हणजे वजनंमापं तपासणाऱ्या खात्यात, इन्स्पेक्टर होतो. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक शोधणं, पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप लावणं, हे माझं काम. एखादा दुकानदार फार गोड बोलायला लागला की मी त्याचा तराजू उलटा करून बघायचो, आणि बहुतेक वेळा काहीतरी सापडायचंच. त्यामुळे संशय घेणं हा माझा स्वभाव म्हणा की सवय म्हणा, आता ती सुटणार नाही. बायको, सुनंदा, म्हणते की हा माणूस देवळातला प्रसादसुद्धा हातावर तोलून बघतो.

आम्हाला एकच मुलगा, मंदार. सैन्यात कॅप्टन आहे. तो लहान असताना आम्ही शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. मागे जांभळाचं झाड होतं आणि हे कार्टं दिवसभर त्या झाडावर. जांभळाची फांदी किती ठिसूळ असते ते माहीत असेलच तुम्हाला. मी ऑफिसातून आलो की सायकल लावता लावता ओरडायचो, “मंदार, खाली!” आणि आजूबाजूची पोरं, सगळी हिंदीवाली, मला विचारायची, “अंकल, क्या खाली है?”

भोपाळमधल्या प्रत्येक मराठी घरात या शब्दाची एक तरी गंमत असते. आपलं ‘खाली’ म्हणजे नीचे, त्यांचं खाली म्हणजे रिकामं. मंदारने तर हा घोळ पार सैन्यापर्यंत नेला. ट्रेनिंगमध्ये फायरिंगच्या मैदानावर उस्तादने हुकूम दिला, “खाली कर!” म्हणजे बंदुकीतल्या गोळ्या काढ. आणि आमचा हिरो चटकन खाली बसला! माझ्या ओरडण्याची सवय, दुसरं काय. सगळी तुकडी हसली आणि उस्तादने त्याला मैदानभर कोलांट्या मारायला लावल्या. ती गोष्ट तो घरी आला की दर वेळी सांगायचा, आणि आम्ही दर वेळी हसायचो.

आता मूळ गोष्ट.

मे महिना होता. सीमेवर गोळाबारी चालू होती. मंदार पुढच्या एका ठाण्यावर होता... कुठे, ते आम्हाला माहीत नव्हतं आणि त्याने सांगितलंही नव्हतं. जाताना एवढंच बजावून गेला होता, “बाबा, या दिवसांत जवानांच्या घरी खोटे फोन येतात. गोड बोलून माहिती काढतात. कुणी काहीही विचारू दे, एक शब्दसुद्धा सांगायचा नाही.” मी म्हटलं, “तू कुणाला शिकवतोयस?”

त्या दिवशी त्याचा फोन न येऊन चार दिवस झाले होते. सुनंदा टीव्ही लावायची आणि मी बंद करायचो. मग मी आंघोळीला गेलो की ती परत लावायची. दोघांपैकी कुणीच तोंडाने काही म्हणत नव्हतं, पण घरात दुसरा विषय नव्हता. पोरगा सुखरूप परत यावा, बस. मी तिला न सांगता सारखा मोबाईल बघत होतो, आणि नंतर कळलं की तीही मला न सांगता तेच करत होती.

आम्ही आता मिसरोदला राहतो, एका कॉलनीत, तिसऱ्या मजल्यावर. प्रत्येक घरात इंटरकॉम आहे. गेटवरचा गार्ड त्यावरून सांगतो, कुरियर आलाय, गॅसवाला आलाय. बाहेरचा फोन त्यावर लागत नाही, हे नीट लक्षात ठेवा. गार्ड तिवारीजी स्वतः माजी सैनिक. गेटवरच्या पत्र्याच्या केबिनला ते ‘पोस्ट’ म्हणतात आणि आम्ही सगळेही तेच म्हणायला लागलोय.

दुपारी इंटरकॉम वाजला. सुनंदा बाल्कनीत कुरडया वाळत घालत होती. मी उचलला.

“जय हिंद, साहब। पोस्ट से बोल रहा हूँ।”

तिवारीजींचा आवाज नव्हता. म्हातारा, खरखरीत, आणि मागे वाऱ्याचा आवाज... फार जोराचा वारा. मी खिडकीतून बघितलं तर अशोकाचं पानही हलत नव्हतं. मनात म्हटलं, बदली गार्ड असेल, आणि केबिनमधला पंखा तोंडाजवळ घेऊन बसला असेल.

“बोलिए।”

“साहब, एक लफ़्ज़ पूछना था। आपके यहाँ, आपकी बोली में, ‘नीचे’ को क्या कहते हैं?”

मला आधी कळलंच नाही. “क्या?”

“नीचे, साहब। जैसे किसी को कहना हो कि नीचे हो जा। आप घर में क्या बोलते हैं?”

आता बघा, एक शब्दही सांगायचा नाही असं पोराने बजावलेलं, आणि हा माणूस नेमका एक शब्द मागत होता. पण शब्द तरी कसला? कुठल्याही शब्दकोशात मिळेल असा. मी वैतागून म्हटलं, “खाली।”

“खाली?” तो थांबला. वाऱ्याचा आवाज तेवढा येत राहिला. “खाली... पर साहब, खाली तो...”

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! अरे, या माणसाने माझ्या तोंडून काय वदवून घेतलं? ‘खाली’! हिंदीत घर खाली है, घर रिकामं आहे! चोरांची नवी तऱ्हा. कुणीतरी ऐकत असणार, कदाचित रेकॉर्डही करत असणार. मी कडक आवाजात विचारलं, “तुम हो कौन? नाम बताओ।”

तो म्हणाला, “संतरी हूँ, साहब। सुनिए तो, वहाँ दो जने हैं। दूसरा तो...”

दो जने! म्हणजे दोघं आहेत. गेटवर की जिन्यात? मी फोन आदळला. दाराला वरची कडी, खालची कडी, साखळी, सगळं लावलं.

सुनंदा बाल्कनीतून आत आली. “कोणाचा होता हो? आणि दार काहून लावून राहिले?”

“चोर आहेत. दोघं.”

“दुपारी?”

“चोर काय मुहूर्त बघून येतात?” मी म्हणालो. बाकी भांडण सोडा, पण सुनंदाने घंटी ऐकली होती, एवढं मी नंतर तिच्याकडून तीनदा वदवून घेतलंय.

नोकरीतली सवय म्हणून मी टेलिफोनजवळच्या डायरीत वेळ लिहिली. ३.१०. अनोळखी इसम. एक शब्द विचारला. सोबत आणखी एक असल्याचे बोलला. मग हातात काठी घेऊन गेटवर गेलो. तिवारीजी जागेवर होते, पंखा बंद होता, आणि ते कागदाने वारा घेत होते.

“अभी इंटरकॉम किसने लगाया?” मी विचारलं.

“कौन लगाएगा, साहब?” ते उठले आणि त्यांनी भिंतीवरची लोखंडी पेटी उघडून दाखवली. आत नुसत्या वायरी लोंबत होत्या. “बोर्ड तो सुबह मिस्त्री ले गया रिपेयरिंग को। ये देखिए, डिब्बा खाली है।”

तिवारीजी सरळ माणूस, तरी मला त्यांचा संशय आला. मिस्त्रीचाही आला. मी वर जाऊन घरातला रिसीव्हर उचलला, तर त्यात काहीच नाही. वायर भिंतीपासून बघत बघत जिन्यातल्या डब्यापर्यंत गेलो. कुठे जोड नाही, कुठे चिकटवलेलं यंत्र नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्री बोर्ड घेऊन आला, तेव्हा त्याला उभा करून विचारलं, बोर्ड नसताना घंटी वाजू शकते का? तो म्हणाला, “अंकल, दिल पे मत लो, धूप बहुत है।” उद्धट कुठला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंदारचा फोन आला.

सुनंदाने घेतला आणि ती नुसती रडायलाच लागली, म्हणून मी घेतला. “बाबा, मी ठीक आहे,” तो म्हणाला. आवाज घोगरा झाला होता. “देवीसिंगला लागलं. माझ्याबरोबर होता, हवालदार. पाय गेला त्याचा.” मग तो म्हणाला, “बाबा... एक विचारू? हसू नका. तुम्ही मला हाक मारली होती का?”

मी खुर्चीत बसलो. “कधी?”

“परवा. दुपारचा चहा नुकताच आला होता, तीन वाजून गेले होते. मी दुर्बिणीतून बघत उभा होतो. कुणीतरी म्हणालं, ‘मंदार, खाली!’ मी विचारच केला नाही, सरळ जमिनीवर. आणि गोळा आला. उभा असतो तर... जाऊ दे.” मग म्हणाला, “आवाज तुमचा नव्हता. पण मला इथे मंदार कोण म्हणणार? सगळे साब म्हणतात. आणि मराठी तर आसपास कुणालाच येत नाही.”

मी त्याला इंटरकॉमचं काही सांगितलं नाही. फोनवर काही सांगायचं नाही, हा त्याचाच नियम. पण खरं कारण ते नव्हतं. मला त्याचाही संशय आला होता, हे लिहायला लाज वाटते. वाटलं, सुनंदाने त्याला फोनवर सांगितलं असेल आणि आईबापांना धीर द्यायला पोराने गोष्ट रचली असेल. पण सुनंदाला तर मी काय बोललो तेच माहीत नव्हतं. तिच्या लेखी चोरांचा फोन होता. तो एक शब्द फक्त मला माहीत होता... आणि त्या विचारणाऱ्याला.

साडेतीन महिन्यांनी मंदार रजेवर आला आणि देवीसिंगला सोबत घेऊन आला. देवीसिंग भिंडकडचा. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. नवा पाय बसवायला पुण्याला चालला होता, आणि मंदार म्हणाला, एक रात्र आमच्याकडे काढून पुढे जाऊ दे. सुनंदाने त्याच्यासाठी पुरणपोळी केली. तो जेवता जेवता “माताजी, ये क्या चीज़ है, बहुत बढ़िया” म्हणत चार पोळ्या जेवला. हसतमुख माणूस. मला त्याच्याकडे सरळ बघवत नव्हतं.

आमच्या खात्यात एक पद्धत होती. वादाचं माप असलं की दोन इन्स्पेक्टर वेगवेगळे मोजायचे, एकमेकांना आकडा न दाखवता. दुसऱ्या दिवशी सकाळी मंदार देवीसिंगचं तिकीट बघायला एम. पी. नगरला गेला, तेव्हा मी देवीसिंगसमोर चहा ठेवला आणि विचारलं, “बेटा, उस दिन क्या हुआ था? शुरू से बताओ।”

“कछु नहीं पिताजी, हम पेटी के बगल में बैठे थे, गोलियों वाली। साब खड़े थे दूरबीन लेके। किसी ने साब का नाम लिया। खाली नाम, न साब, न कुछ। हमने सोची कोई बड़े अफसर आ गए। फिर उन्ने कही, खाली।”

“फिर?” मी विचारलं.

“फिर का? हमने सोची, पेटी की पूछ रहे हैं, कि खाली हो गई क्या। बड़े अफसर पूछें तो बैठे-बैठे जवाब थोड़ी देंगे। हम खड़े हो गए देखने को।” तो हसला. “इत्ते में आ गया।”

“पेटी खाली थी?”

“नहीं पिताजी। पूरी भरी थी।”

“आवाज़ कैसी थी?”

“बूढ़ी। अब हमारी पोस्ट पे सबसे बूढ़े तो हम ही थे, अड़तीस के।”

मी चहा तसाच ठेवून आत गेलो आणि डायरी उघडली. ३.१०. सोबत आणखी एक असल्याचे बोलला. माझ्याच अक्षरात. वहाँ दो जने हैं, साहब. दूसरा तो... दूसरा तो मराठी नहीं जानता, असंच म्हणायचं होतं ना त्याला? तो जो कोण होता, त्याला अडचण दिसली होती. ‘खाली’ ऐकल्याबरोबर तो अडखळला होता. मला विचारत होता. आणि या शब्दाचा घोळ माझ्याइतका कुणाला ठाऊक आहे? तीस वर्षं त्यावर हसतोय आम्ही. मी सांगितलं असतं, बाबा रे, खाली म्हणू नकोस, दुसऱ्याला वेगळं कळेल. आधी नीचे म्हण, मग खाली म्हण. दोन सेकंदांचं काम होतं. त्या वेळात मी फोन आदळला आणि कड्या लावल्या.

माझा मुलगा वाचला म्हणून मला आनंद नाही असं नाही. तो घरात फिरतो, फ्रीज उघडा ठेवतो, आईशी भांडतो आणि मला ते सगळं गोड लागतं. पण तो आनंद मी देवीसिंगसमोर दाखवू शकत नव्हतो. त्याच्या गावी दोन मुली आहेत, म्हातारी आई आहे. मी त्याला काय सांगणार होतो, की तुझ्यासाठीही विचारणा झाली होती आणि मी ऐकून घेतली नाही?

निघायच्या वेळी लाइट गेली आणि लिफ्ट बंद. मंदार बॅगा घेऊन पुढे उतरला. देवीसिंग कुबड्या घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला, आणि मी त्याच्या एक पायरी पुढे, कठडा धरून, त्याच्याकडे तोंड करून उतरायला लागलो. तिसरा मजला, मधे वळण, पायऱ्या अरुंद. मी प्रत्येक पायरीला सांगत होतो, “हाँ... नीचे। अब नीचे। नीचे देखो बेटा, नीचे।” माझा आवाज विचित्र येत होता, ते मलाही कळत होतं. दुसऱ्या मजल्यावर तो दम खायला थांबला. घाम पुसला आणि माझ्याकडे बघून हसला.

“पिताजी, आप तो खाली बोलिए,” तो म्हणाला. “साब ने बता दिया है। अब हम समझते हैं।”

मी तिथेच पायरीवर बसलो. त्याला वाटलं, म्हातारा दमला. “पानी लाएँ?” त्याने मला विचारलं... एका पायावर उभा राहून! मग मी त्याला सगळं सांगितलं, त्याच जिन्यात, हिंदीत. बोर्ड नसलेला इंटरकॉम, तो आवाज, दो जने, सगळं. तो ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, “फोन तो कोई भी काट देता, पिताजी।” आणि कुबडी पुढच्या पायरीवर ठेवली. त्याने मला माफ केलं, की त्याला ती एका म्हाताऱ्याची बडबड वाटली, हे मला कळलेलं नाही.

कुणाकडे याचं स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा. उन्हाचा भास म्हणू नका, घंटी दोघांनी ऐकली. पोराची थाप म्हणू नका, मी दोन साक्षी वेगवेगळ्या घेतल्यात. संतरी कोण, कुठला, आणि ज्याला मंदारचं नाव ठाऊक होतं त्याला एवढ्याशा शब्दासाठी माझ्याकडे का यावं लागलं, हेही मला सांगता येत नाही. तेहतीस वर्षं दुसऱ्यांची मापं तपासली, हे एक माप मला लागत नाही.

इंटरकॉमचा बोर्ड आता नवीन आहे. घंटी वाजली की मी सुनंदाच्या आधी धावतो. कुरियरवाला असतो, गॅसवाला असतो. तिवारीजी वैतागतात, कारण त्यांचं बोलून झालं तरी मी फोन ठेवत नाही, आणि दर वेळी विचारतो, “और कुछ कहना था?”